कमल बस्तीचे खांब, ठोकळ्यांत

[दृश्य: अनगोळमधली एक गल्ली. मुलं दिवाळीच्या किल्ल्याला माती लिंपताहेत.]

दिवाळी जवळ आली की बेळगावात गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. शहापूर असो, वडगाव असो, अनगोळ असो. दगड रचायचे, वर भिजवलेली पोती टाकायची, तांबडी माती लिंपायची, उतारावर मोहरी पेरायची. बुरूज कलला तर ओला हात फिरवायचा. माती सांभाळून घेते.

प्लास्टिकचा ठोकळा सांभाळून घेत नाही. म्हणून ठोकळ्यांतून खरी इमारत उभी करायची असेल, तर दुकानात जाण्याआधी त्या इमारतीसमोर जाऊन उभं राहावं लागतं.

[दृश्य: बेळगावचा किल्ला. कमल बस्तीचा मुखमंडप.]

ही कमल बस्ती, म्हणजे एक जैन मंदिर. 1204 मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. आत नेमिनाथांची मूर्ती. काळसर दगड, कातून गोल केलेले गुळगुळीत खांब, आणि मान वर केली की छतातून खाली उमललेलं 72 पाकळ्यांचं कमळ.

दोन वर्षांपूर्वी भाचीला घेऊन मी हिचं मॉडेल करायला बसलो. सुरुवातीलाच सुट्या ठोकळ्यांची मोठी पेटी आणली. लाल, पिवळे, निळे तुकडे, दारं, खिडक्या, चाकं. खेळायला उत्तम, पण बस्तीसाठी त्यातलं मूठभरसुद्धा उपयोगी पडलं नाही. मग एका दुकानातून स्वस्तातले, तसेच दिसणारे ठोकळे घेतले. त्यांत काळ्याच्या तीन छटा निघाल्या आणि पकड इतकी ढिली, की अर्धा मंडप उचलताना हातातच सुटला. त्या रात्री भाची जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं माझी चूक नेमकी दाखवली. "मामा, खांब गोल आहेत की! तू चौकोनी घेऊन बसलास."

[दृश्य: टेबलावर एक ठोकळा, शेजारी पट्टी.]

हा लेगो या डॅनिश खेळणी कंपनीचा ठोकळा जवळून बघा. वरच्या दोन गुंड्यांच्या, म्हणजे या गोल उंचवट्यांच्या, मध्यांतलं अंतर 8 मिलिमीटर. ठोकळ्याची उंची 9.6. आणि ही चपटी प्लेट, 3.2. तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. 1958 साली या जोडणीचं पेटंट घेतलं गेलं, आणि त्या काळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो.

आता शंभरास एक असं प्रमाण धरा. एक गुंडी म्हणजे 80 सेंटिमीटर, एक ठोकळा म्हणजे 96, एक प्लेट म्हणजे 32. एवढं डोक्यात बसलं की भिंतीकडे बघण्याची नजरच बदलते. इथं दोन प्लेट, इथं अर्धी गुंडी आत, असं मोजतच आपण चालू लागतो.

अडचण एकच. 8 आणि 9.6, म्हणजे पाचास सहा. उभं आणि आडवं माप जुळत नाही. लेगोचे तेव्हाचे मालक गोडफ्रेड कर्क क्रिस्टियान्सन यांना स्वतःच्या घराचं मॉडेल करताना हीच अडचण आली, आणि 1963 मध्ये वास्तुविशारदांसाठी 5 मिलिमीटरच्या मापावर मोड्युलेक्स नावाचे वेगळे ठोकळे निघाले. आपल्याला ते नकोत. पाच प्लेटची उंची 16 मिलिमीटर होते, दोन गुंड्यांची रुंदीही 16. बाजूला गुंडी असलेले तुकडे घेतले की प्लेट आडव्या लावून भिंतीवरचे पट्टे, कोनाडे काढता येतात. जादा ठोकळे घेताना मी सगळ्यात आधी हेच घेतो. त्यानंतर जम्पर. दोन गुंड्यांच्या जागी मधोमध एकच गुंडी असलेली ही प्लेट. हिच्यामुळे खांब बरोबर 4 मिलिमीटर सरकतो, आणि आपल्याकडच्या जुन्या देवळात दर थराला भिंत अशीच थोडी आत-बाहेर होत असते.

[दृश्य: भाचीचे हात. एक खांब रचला जातोय.]

हा खांब. तळाला चौकोनी प्लेट, वर गोल ठोकळा, त्यावर तीन गोल प्लेट, मग पुन्हा चौकोनी प्लेट आणि डोक्यावर दोन-बाय-दोनची प्लेट. गोल प्लेट एकमेकींवर बसल्या की मधे बारीक खाच राहते, कातकामाच्या वळ्यांसारखी. एका खांबाला सात तुकडे, दहा खांबांना सत्तर. मोठ्या ठोकळ्यांची पोती आणली तरी हे सत्तर तुकडे त्यांत सापडत नाहीत. ते मोजून, सुटेच मागवावे लागतात. आधी संगणकावर मॉडेल रचलं तर तुकड्यांची यादी आपोआप मिळते. सगळं एकदम मागवावं, टपालखर्च वाचतो.

रंगाचं मात्र सांगायलाच हवं. दगड काळा दिसतो म्हणून आम्ही काळा घेतला, तर सावल्या दिसेनात, नक्षी गेली. गडद करड्यात तीच नक्षी उठून आली. आणि करडा घेताना जपून. 2004 मध्ये लेगोनं आपला करडा बदलून निळसर केला. जुन्या डब्यातले तुकडे नव्यांत मिसळले तर भिंतीवर ठिगळ दिसतं.

[दृश्य: मॉडेलचं छत अलगद उचललं जातं.]

राहिलं कमळ. या प्रमाणात 72 पाकळ्या बसत नाहीत. बसवायचा अट्टहास केला तर कमळ मंडपापेक्षा मोठं होतं. आम्ही एकच वाटीसारखा गोल तुकडा घेतला. त्याच्या पोटात एक गुंडी असते. तिच्यावर गोल प्लेट ठेवून तो छताला खालून अडकवला. फुगीर बाजू खाली, कळीसारखी.

पण छताखालचं कमळ बघणार कोण? भाचीनंच तोड काढली. भिंतींच्या माथ्यावर गुंड्या नसलेल्या गुळगुळीत टाइल लावल्या आणि फक्त दोन गुंड्या उघड्या ठेवल्या. छत त्या दोन गुंड्यांवर तरतं, बोटानं उचललं की सुटतं.

छज्ज्याचे उतरते तुकडे अजून यायचेत, सव्वीस हवेत. तोवर शेजारची मुलं येतात, छत उचलतात, उलटं करून कमळ बघतात आणि परत ठेवतात. भाची शेजारी उभी राहून सांगते, "हळू, दोनच गुंड्या आहेत."