तंबोरा ऐकू येतो का?

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आला आणि चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत म्हणाला, "मावशी, पाच हजार साठलेत. कुठला हेडफोन घेऊ?" माझं काम ध्वनिमुद्रणाच्या संकलनाचं. दिवसाचे पाच-सहा तास कानांवर हेडफोन चढवलेला असतो, त्यामुळे नात्यागोत्यातले असले प्रश्न माझ्याच दारात येतात. मी विचारलं, "कशासाठी हवाय?" तर म्हणाला, "सगळ्यासाठी." लोकलमध्ये गाणी, रात्री सिनेमा, कॉलेजचे ऑनलाइन तास, अधूनमधून गेम. आणि आवाज मात्र एकदम भारी हवा.

आपण चप्पलसुद्धा सगळ्यासाठी एकच घेत नाही. पावसाळ्याची वेगळी, लग्नाकार्याची वेगळी. पण हेडफोन म्हटलं की एकाच जोडीने सगळं निभवावं असं वाटतं. असो. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो, पण त्याआधी मी त्याच्या फोनवर एक फाइल टाकली. गाणं नाही, नुसता तंबोरा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेला, दहा मिनिटांचा. तो हसायला लागला. "यात ऐकायचं काय?"

ऐकायचं बरंच आहे. तंबोऱ्याच्या चार तारा: पंचम, षड्जाची जोड आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा सा. काळी एकमधला खर्ज म्हणजे सेकंदाला साधारण ६९ कंपनं. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा नेमक्या जागी बसला, जवारी, म्हणजे तारेचा तो झणकारता नाद, खुलली, की त्या एका तारेतून वरच्या स्वरांची अख्खी दिंडी निघते. खर्जाच्या पाचपट कंपनांवर गंधार, म्हणजे "ग", ऐकू येतो. कोणी छेडलेला नसतो, तरी येतो. म्हणूनच तो स्वयंभू गंधार. त्याच्याही वर जवारीची झिलई असते, ती काही हजार कंपनांपर्यंत जाते. खालचं, मधलं, वरचं असं सगळं एकाच वाद्यात, आणि तेही न थांबता. गाण्यात शब्द असतात, चाल असते, आपलं मन त्यात रमतं आणि हेडफोनची लबाडी खपून जाते. तंबोऱ्यात लपायला जागा नाही. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर जवारी लावताना दोरा केसभर सरकवतो, थांबतो, ऐकतो, परत सरकवतो. त्याने एवढी मेहनत घेऊन काढलेला गंधार आपल्या कानातल्या यंत्राने गिळून टाकला, तर पैसे कशाचे दिले?

दुकानात पहिला हेडफोन हातात आला तो चांगलाच दणकट, बाजूला लाल दिवा वगैरे. दुकानदाराने त्याच्या आवडीचं गाणं लावलं, आवाज वाढवला आणि पोराचे डोळे चमकले. मी म्हटलं, आता आपली फाइल लाव. खर्ज लागला आणि वरच्या मजल्यावर पाण्याची मोटर चालू झाल्यासारखी घरघर सुरू झाली. जोडीच्या तारा त्या घरघरीत बुडाल्या. गंधाराचा पत्ताच नाही. या जातीच्या हेडफोनात खालचा आवाज मुद्दाम फुगवलेला असतो. त्याला "बेस" म्हणून विकतात. ढोल-ताशाला चालेल कदाचित, पण तबल्याचा डग्गा त्यात नुसता धप्प वाजतो, घुमारा आणि ओढलेली मींड दोन्ही गायब. दुसरा हेडफोन याच्या उलट. जवारी पत्र्यावर वाळू पडल्यासारखी, आणि गायिकेच्या तोंडचा प्रत्येक "स" कानात टोचतोय. तिसऱ्यात तारा चारही वेगळ्या कळल्या. भाचा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मावशी, यात मागे कोणीतरी गुणगुणतंय." मी म्हटलं, तोच गंधार.

इथे दुकानातली एक जुनी युक्ती सांगते. दोन हेडफोन एकापाठोपाठ ऐकले आणि त्यातला एक जरासा मोठा वाजला, तर आपल्याला तोच चांगला वाटतो. कानाचा स्वभावच तसा आहे, त्यात आपली चूक नाही. म्हणून दुसरा कानाला लावला की आधी आवाजाची पातळी पहिल्याएवढी करून घ्या, मग तुलना करा. दुकानदार उतावीळ होतो, होऊ द्या.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांचं काय? "२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ" हे बहुतेक प्रत्येक खोक्यावर असतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाची कंपनं. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण तेवढीच, म्हणून ते छापतात. वयाबरोबर वरचं टोक खाली येतं. माझं केव्हाच आलंय. पण नुसत्या त्या आकड्याचा अर्थ एवढाच की मुंबईहून गोव्यापर्यंत रस्ता आहे. खड्डे कुठे आणि चढ कुठे, हे खोकं सांगत नाही. आतला पडदा ४० मिलिमीटरचा की ५० चा, त्यावरही भुलू नका. मोठ्या पातेल्यातली आमटी चांगलीच असते असं थोडंच आहे? एक आकडा मात्र बघावा, तारेचा हेडफोन घेत असाल तर. ओहममध्ये लिहिलेला रोध, म्हणजे इम्पीडन्स. १६ किंवा ३२ ओहमचे बहुतेक हेडफोन फोनवर मजेत वाजतात. स्टुडिओसाठी केलेले २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन फोनला लावले तर बऱ्याचदा आवाज मरतुकडा येतो आणि माणूस चांगल्या हेडफोनला नावं ठेवतो. त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

जाता जाता, रेडिओवर बोलतेय म्हणून सांगते: सुरुवातीच्या काळात स्फटिकाच्या रेडिओला ना बॅटरी ना लाउडस्पीकर, तो ऐकायचा हेडफोन लावूनच. त्याच सुमाराचा नथॅनियल बाल्डविन हा अमेरिकेतल्या युटा राज्यातला गृहस्थ. त्याने १९१० साली घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि तिथल्या नौदलाने ते विकत घेतले. संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन घरोघरी जायला १९५८ उजाडावं लागलं, आणि गाणं खिशात घालून रस्त्यावर आलं ते १९७९ च्या वॉकमनमुळे.

आता कानाकडे येऊ. माझ्याकडे "आवाजात दम नाही" म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या दहांपैकी निम्म्यांचा हेडफोन ठणठणीत असतो, तो बसलेला नीट नसतो. कानात घालायच्या इअरफोनबरोबर रबराच्या टोप्यांच्या तीन जोड्या मिळतात. मधली आधीच लावलेली असते, उरलेल्या दोन पिशवीसकट ड्रॉवरमध्ये जातात, जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. त्या बाहेर काढा. टोपी आणि कानाची भिंत यांच्यात फट राहिली तर खर्ज तिथूनच निसटतो, मग तुम्ही पाच हजार द्या नाहीतर पन्नास. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढा, इअरफोन आत सरकवून हलकेच फिरवा, मग पाळी सोडा. बाहेरचा पंखा एकदम लांब गेल्यासारखा वाटला म्हणजे बसला. आणि दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मोठी टोपी लागते, उजव्याला मधली.

कानावरून घालायच्या हेडफोनला तीच अडचण चष्म्याची. काडी गादीखाली शिरते, फट पडते, खालचा आवाज पातळ होतो आणि वर अर्ध्या तासात कानामागे दुखायला लागतं. तेव्हा चष्मा लावूनच दुकानात जा आणि वीस मिनिटं डोक्यावर ठेवून बसा. गाद्या बदलून मिळतात का तेही विचारा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत नकली चामड्याची गादी वर्ष-दोन वर्षांत सोलते आणि काळे कपटे गालाला चिकटतात. लोक विचारतात, काजळ पसरलं का? माझ्याकडे पंधरा वर्षांचा एक हेडफोन आहे. त्याच्या गाद्या तीनदा बदलल्या, तार दोनदा. बिनतारी इअरबडचं तसं नाही. त्यातल्या चिमुकल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत थकतात आणि बहुतेक वेळा त्या बदलता येत नाहीत. घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण किंमत मनात धरताना एवढं आयुष्य धरा.

बाहेरचा गोंगाट पुसणारे हेडफोन आता सर्रास मिळतात. कल्पना मोठी सुरेख आहे. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस, वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, १९७८ साली विमानप्रवासात हेडफोन लावून बसले आणि इंजिनाच्या घरघरीने वैतागले. तिथेच त्यांनी गणित मांडायला घेतलं. हेडफोनवरचा छोटा माईक बाहेरचा आवाज टिपतो, आतलं यंत्र त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करतं आणि दोन्ही एकमेकांना खातात. हे जमतं ते संथ, खालच्या, एकसुरी आवाजांना: पंखा, बसचं इंजिन, गाडीच्या डब्याची घरघर. शेजारच्या सीटवरचं फोनवरचं भांडण, बाळाचं रडणं, हॉर्न हे त्यातूनही येतातच. लोकलने रोज एका बाजूला दीड तास जाणाऱ्याला मात्र याचा खरा उपयोग आहे, तो गाण्याच्या गोडीपेक्षाही कानाच्या तब्येतीसाठी. डब्यात गोंगाट, म्हणून आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ९० वर गेलात तर आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात, म्हणजे सोमवार-मंगळवारच्या जाण्यायेण्यातच संपले. गोंगाट आधी कमी झाला की गाणं हळू ठेवूनही पुरतं. घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल तर तो इशारा समजा. आणि रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालताना, गाडी चालवताना दोन्ही कान बंद नकोत. यावर आणखी काय बोलायचं?

घरात, रात्री, शांततेत ऐकणाऱ्यांना मी उघड्या पाठीचे हेडफोन सुचवते. त्यांच्या कपाला मागून जाळी असते, आवाज अडकत नाही आणि गवई डोक्याच्या आत नव्हे, समोर थोड्या अंतरावर बसल्यासारखा वाटतो. शेजारी झोपलेल्यालाही तो ऐकू येतो, हा त्याचा तोटा. जुन्या मैफिलींची मुद्रणं ऐकायला मला दुसरं काही रुचत नाही.

गाणं शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण यावरून मला परदेशातूनसुद्धा फोन येतात. गुरू पुण्यात, शिष्या न्यू जर्सीत, आणि दोघींचं गाऱ्हाणं एकच: तास सुरू झाला की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. ब्लूटूथ हेडफोनचा माईक चालू झाला की तो बोलण्यासाठीच्या हलक्या जोडणीवर जातो आणि संगीताचा टेलिफोन होतो. तारेचा साधा इअरफोन लावा, अर्धं दुखणं तिथेच बरं होतं. उरलेलं अर्धं सॉफ्टवेअरचं. ते तंबोऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं. झूममध्ये "ओरिजिनल साउंड"ची सोय आहे, ती चालू करायची. दुसरी गोष्ट, बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. सिनेमात बहुतेक ॲप ते सांभाळून घेतात, पण की-बोर्डवर बोट ठेवलं आणि स्वर मागून आला की हात अडखळतो. ट्रॅकवर गाणं रेकॉर्ड केलं तर आपणच लयीच्या मागे. गेम खेळणाऱ्यांनाही हे दुखणं ठाऊक असतं. शिवाय दोन्ही कान घट्ट बंद करून रियाज करू नका. स्वतःचा आवाज कवटीत घुमतो आणि सूर कुठे लागतोय त्याचा अंदाज सुटतो. एक कान मोकळा ठेवा.

फूटपाथवरच्या "फर्स्ट कॉपी"बद्दल काय सांगू? एकदा मीही फसले. हुबेहूब तोच डबा, तोच रंग, तोच शिक्का, किंमत पाव. घरी आल्यावर कळलं की डाव्या बाजूला उजवा आवाज येतोय. व्हायोलिनवाल्याची जागा बदलली एवढंच म्हणून मी ते आठवडाभर वापरले, मग गायकाचा आवाजही एका बाजूने बंद झाला.

तर भाच्याने शेवटी काय घेतलं? लाल दिव्याचा नाही. तारेचा, बंद पाठीचा, काळा, दिसायला अगदीच सुमार हेडफोन, साडेतीन हजारांना. उरलेल्या पैशांत लोकलसाठी कानात घालायचे बिनतारी इअरबड, साधेच. महिन्याने मी ताईकडे गेले तर ती ओट्याशी भाजी निवडत बसलेली, डोक्यावर तो काळा हेडफोन. मी दोनदा हाक मारली. तिने एक कान उघडा केला आणि म्हणाली, "अगं, थांब जरा, यात मागे तंबोरा आहे. इतकी वर्षं ही भैरवी ऐकतेय, मला माहीतच नव्हतं." भाचा हल्ली इअरबडवरच भागवतो. तक्रार माझ्याकडे करतो.

नमस्कार.