बेदाणा, तंबाखू, चामडं : जुन्या झिनफँडलची घरच्या घरी पारख

मंडळी, समोर अथणीकडचे द्राक्षबागायतदार बसलेत, निपाणीचे तंबाखूवालेही काहीजण दिसतायत. बरं झालं. जुन्या झिनफँडल वाइनबद्दल मला जे सांगायचंय, त्यातलं निम्मं तुमच्या नाकाला आधीच ठाऊक आहे.

झिनफँडल ही कॅलिफोर्नियात नावारूपाला आलेली काळ्या द्राक्षाची जात. घड मोठा, दाटीवाटीचा, साल पातळ. आणि खोड अशी, की एकाच घडात काही मणी हिरवट, काही पिकलेले आणि काही वेलीवरच सुकून गेलेले. सगळे पिकेपर्यंत थांबावं तर पुढचे वाळतात, लवकर तोडावं तर मागचे कच्चे राहतात. बेदाण्यासाठी आपण द्रावणात बुडवलेली द्राक्षं शेडमध्ये जाळीवर वाळवतो. इथं तो वेलीवरच तयार होतो. त्या सुकलेल्या मण्यांतली साखर टाकीत मागाहून सुटते, म्हणून या वाइनमध्ये अल्कोहोल सहज 15 टक्क्यांपर्यंत चढतं.

ही जात अमेरिकेची नव्हेच. इटलीतली प्रिमितिवो आणि ही एकच, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनएवरून दाखवलं. पुढे क्रोएशियातल्या शास्त्रज्ञांबरोबर शोध घेता घेता 2001 साली तिथल्या किनाऱ्यावरच्या एका बागेत मूळ वेल सापडली. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, तरी कुटुंबापुरती वाइन घरी करायला वाट मोकळी होती. त्या काळात झिनफँडलची द्राक्षं रेल्वेनं पूर्वेकडच्या शहरांत जायची आणि लोक घरीच वाइन करायचे. कितीतरी जुन्या बागा तोडल्या गेल्या नाहीत, त्या यामुळेच. शंभरी ओलांडलेल्या वेली आजही तिथं फळ देतात.

आता मुद्द्याचं. जुनी म्हणजे चांगली, असं वाइनच्या बाबतीत सरसकट धरून चालू नका, आणि झिनफँडलच्या बाबतीत तर मुळीच नको. ताज्या झिनफँडलमध्ये फळ भरभरून असतं. आपल्याकडच्या फळांत सांगायचं तर पिकलं जांभूळ आणि जांबोटीच्या रानातलं काळं करवंद, मागून थोडी मिरी. वर्षं जातात तसं हे फळ ओसरतं, रंगद्रव्यं आणि तुरटपणा एकमेकांना धरून गाळ होऊन तळाशी बसतो. अल्कोहोल मात्र होतं तेवढंच राहतं. तरुणपणी फळाच्या गोडव्याआड लपलेला जाळ दहा वर्षांनी उघडा पडतो. म्हणून फळ गेल्यावर मागं काय उरलं, एवढंच जुन्या बाटलीला विचारायचं.

हे एकटी बाटली उघडून कळत नाही. शेजारी दुसरी हवी. शक्यतो एकाच बागेची, एकाच कारखान्याची, वेगवेगळ्या सालांची. म्हणजे फरक पडला तो वयाचा आणि त्या वर्षीच्या हवामानाचा, एवढं तरी पक्कं होतं. तीन बाटल्या, सहा-सात माणसं, प्रत्येकाला 50 मिली. 750 मिलीच्या बाटलीतून एवढं देऊनही निम्मी शिल्लक राहते, आणि ती लागणार आहे.

जुनी बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, गाळ तळाशी जाऊ दे. ओतताना मानेखाली विजेरी धरा आणि गाळ मानेपाशी आला की हात थांबवा. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे घाला, साल दिसलं की जीभ खोटं बोलायला लागते. ग्लास सगळे एकसारखे, आणि साबणाचा वास गेलेले. आपल्याकडे एप्रिलात खोलीच 30 अंशांवर असते. तेवढ्या गरम झिनफँडलमधून नुसता अल्कोहोलचा भपका येतो. साधारण दीड तास फ्रीजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणा. त्या संध्याकाळी घरात फोडणी नको, उदबत्ती नको, गजराही नको. सोबत पाणी आणि कोरी भाकरी. चिवडा, फरसाण नंतर. आधी जुनी, मग नवी. उलट केलंत तर नवीच्या दणक्यापुढं जुनी बिचारी मुकी होते. आणि थुंकायला भांडं ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कड बघा. नवी जांभळट, जुनी विटकरी. पण रंगावर फार विसंबू नका. जुन्या बागांत झिनफँडलबरोबर पेटीट सिरा, कारिन्यान, अलिकांत बुशे अशा वेली मिसळून लावलेल्या असतात आणि त्यांतल्या काही रंग फार काळ धरतात. कॅलिफोर्नियातल्या रिज या कारखान्याची गायसरव्हिल ही वाइन 1966 पासून अशाच मिश्र बागेतून येते. लेबलावर झिनफँडल लिहायला ते द्राक्ष किमान 75 टक्के लागतं, मिश्र बागेत ते तेवढं भरेलच असं नाही, त्यामुळे तिच्यावर नुसतं गायसरव्हिल असतं. मुरवण्यासाठी माझी पसंती अशाच बाटल्यांना. सोबतच्या जाती तुरटपणाचा कणा देतात.

मग नाक. बेळगावात टिळकवाडीत एका घरी आम्ही बसलो होतो. यजमानांच्या आई वाइन घेत नाहीत, पण त्यांचं माहेर निपाणीचं. सगळ्यात जुना ग्लास त्यांनी नुसता हुंगला आणि म्हणाल्या, ‘‘हे तर वखारीतलं की हो. बोद फोडल्यावर येतो तसा.’’ बोद म्हणजे तंबाखूचं गाठोडं. आम्ही कागदावर ‘मसालेदार’ असं काहीबाही लिहून बसलो होतो. काकूंनी एका हुंगण्यात तंबाखू सांगितला, आणि मग आम्हा सगळ्यांना तो आला. तसंच चामड्याचं. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या नव्या कोल्हापुरी चपलेचा वास त्या चपला घडवणाऱ्या अथणीत कुणाला शिकवावा लागतो? आणि बेदाणा तर आपला रोजचाच. मुरलेल्या चांगल्या झिनफँडलमध्ये हे तिन्ही असतात, फळ सुकलेलं असलं तरी जिवंत असतं आणि शेवटी तोंडाला आंबटपणाचं पाणी सुटतं. नुसताच बेदाणा आणि मागून घसा जाळणारी ऊब असेल, तर ती बाटली उशिरा उघडली. व्हिनेगरचा झोंबरा वास आला किंवा पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला, तर तो वयाचा गुण नव्हे. पहिला बिघाड जिवाणूंचा, दुसरा बहुधा बुचाचा.

बोलायच्या आधी प्रत्येकानं लिहायचं, ही अट मोडू देऊ नका. पहिला मोठ्यानं बोलतो त्याचंच सगळ्यांना जाणवायला लागतं.

साठवणीबद्दल थोडक्यात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, रात्री थंड. त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण उन्हाळ्यात कौलाखालच्या माळ्यावर ठेवलेली बाटली शिजते. वाइनला 13 अंशांच्या आसपास स्थिर तापमान लागतं. वाइनचा फ्रीज नसेल तर सगळ्यात आतल्या, खालच्या खोलीतलं कपाट धरा, आणि दोन-तीन वर्षांपलीकडे ठेवू नका.

मघाशी एकांनी विचारलं, आयात केलेली परवडत नाही, मग काय करायचं? सुलाची नाशिकची लाल झिनफँडल घ्या. ती ताजी पिण्याची वाइन आहे, दहा वर्षं मुरवायला नाही. तरी एकाच सालाच्या दोन बाटल्या घेऊन एक आता उघडा, लिहून ठेवा, दुसरी वर्षभरानं नव्या सालाच्या बाटलीशेजारी उघडा. आणि मघाशी उरवलेली निम्मी वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या रात्री पुन्हा चाखा. एका दिवसात जी ढासळली, तिच्या जोडीची बाटली घरात असेल तर आणखी थांबू नका. जी तशीच उभी राहिली किंवा उलट खुलली, तिची जोडीची बाटली बिनधास्त ठेवा.