बायबल शाळा उरकली, आता घरशाळा

चर्चतर्फे मुलांसाठी भरणारी सुट्टीतली बायबल शाळा कागदावर दहा दिवसांची असते. जे घर ती चालवतं, त्याचा दीड महिना जातो. एप्रिलपासून गाणी बसवायची, पुठ्ठ्याचे देखावे करायचे, बेळगावात झालं की तोच कार्यक्रम खानापूर-निपाणीकडच्या चर्चच्या मंडळ्यांत न्यायचा. जूनचा पाऊस लागतो तेव्हा घरात डिंकाच्या बाटल्या, मागून आणलेला प्रोजेक्टर आणि रात्री अकरापर्यंत जागायला सोकावलेली मुलं असतात. मग मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे आईवडील ठरवतात, सोमवारपासून सगळे विषय सुरू! तो सोमवार बहुधा गुरुवार बघत नाही.

कारण समारोप झाला तरी सेवा संपलेली नसते. पावत्या पिशवीत असतात आणि फोन वाजत राहतात. म्हणून वह्या काढण्याआधी तीन दिवस फक्त निरवानिरवीला द्या. पावत्या तारखेनं लावून खजिनदारांकडे, उसन्या वस्तू ज्याच्या त्याला, मुलांच्या नावांची यादी संडे स्कूलच्या प्रमुखांकडे. पाळकांना सांगून ठेवा की रविवारच्या उपासनेला येऊ, पण जुलैअखेरपर्यंत नवी जबाबदारी नको. ‘फक्त एक मीटिंग’ म्हणणारे भेटतीलच. ती एक कधीच नसते.

मग झोप. इथं बरेच जण उलटं करतात, मुलांना नऊलाच अंथरुणावर पाठवतात. झोप जबरदस्तीनं येत नाही, उठवता मात्र येतं. तेव्हा आधी उठण्याची वेळ बांधा. दर दोन दिवसांनी वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे आणा आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. रात्री झोपायची वेळ आपोआप अलीकडे सरकते. बायबलमध्ये 1 राजे 19 मध्ये थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत दोनदा उठवून जेवू घालतो. होरेब डोंगराची वाट त्यानंतरची. हा क्रम घरातही पाळावा.

कौटुंबिक उपासना मात्र पहिल्या दिवसापासून, दहाच मिनिटं. एक गीत, बायबलच्या वीसेक ओव्या म्हणजे वचनं, एका मुलाची प्रार्थना. मार्काच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आहेत. रोज अर्धा घेतला तर महिनाभर पुरतात. बायबल शाळेतून आलेल्या पालकांची एक खोड इथं आड येते. हातवारे, प्रश्न, बक्षिसं घरीही चालू राहतात आणि मुलं प्रेक्षक होऊन बसतात. साधं वाचा, थांबा, पुरे.

अभ्यासात पहिले दोन आठवडे फक्त वाचन आणि गणित. सुट्टीआधीच्या शेवटच्या धड्यातली दहा गणितं द्या. आठ बरोबर आली तर पुढे चला. पाच ते सात आली तर तीन दिवस उजळणी. त्याहून कमी असतील तर आधीच्या धड्यावर जा, न रागावता. लहानांना वीस मिनिटं, मोठ्यांना चाळीस. बुडालेले दिवस भरून काढायला रोज दोन धडे घेतले की दुसऱ्या धड्यात चुका वाढतात, त्या तपासण्यात आईची दुपार जाते, आणि मूल गणिताला शिक्षा समजू लागतं. विज्ञान, इतिहास तिसऱ्या आठवड्यात, दिवसाआड.

आपल्या सीमाभागात सर्वांत आधी गळते ती कन्नड. घरात मराठी, उपासना मराठी, पुस्तकं इंग्रजी; तिला स्वतःची वेळ दिल्याशिवाय जागाच मिळत नाही. बोलणं बाजारात परत येतं, वाचन येत नाही. मुलं अडतात ती ओत्तक्षरांवर, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहिल्या जाणाऱ्या अक्षरांवर. देवनागरीत जोडाक्षरातली व्यंजनं बहुधा शेजारी येतात, कन्नडात दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली जातं, त्यामुळे सरळ रेषेत वाचायला सरावलेला डोळा ते सोडून देतो. रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचन आणि पाच-सहा जोडाक्षरांचे शब्द लिहून काढणं, एवढं महिनाभर करा. जाता-येता बसचे फलक वाचायला लावा.

शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयासाठी आहे, त्यात घरशाळेचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून रोज काय शिकवलं याची तारखेनिशी वही ठेवावी. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (NIOS) करणार असाल तर परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. बायबल शाळा चालवणाऱ्या घरानं ऑक्टोबरची धरलेली बरी. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा घेता येतात. घरी लिहायच्या स्वाध्यायांना 20 टक्के वजन आहे. थकलेल्या जूनमध्ये पाठांतर जमत नाही, स्वाध्याय जमतात. ते तेव्हाच लिहून घ्या.

खानापूरकडच्या ज्या घरांची भातशेती आहे, त्यांच्याकडे तिसरा आठवडा नेमका रोपलावणीच्या तोंडावर येतो. त्यांनी विज्ञान-इतिहास लावणी उरकेपर्यंत सरळ पुढे ढकलावेत. वाचन आणि गणित तेवढं शेतावर निघण्याआधी, सकाळच्या चहाबरोबर.