चादरीवरचे उदयपूर

(दृश्य : नौपाडा, सकाळ. सोसायटीचे सभागृह. टेबलावर पसरलेली पांढरी चादर, तिच्यावरून फिरणारी इस्त्री.)

ठाण्याच्या नौपाड्यातील या सभागृहात महिन्यातून एका रविवारी जुना चित्रपट दाखवला जातो, आणि त्याची तयारी सकाळी या चादरीपासून सुरू होते. विकतचा पडदा आणायचे तीन वर्षे ठरते आहे. परंतु नीट इस्त्री करून, चारही कडांना कपडे वाळवायचे चिमटे लावून ताणून बांधलेल्या चादरीवर चित्र पुरेसे स्वच्छ दिसते असे इथल्या काकांचे मत आहे, आणि प्रोजेक्टर त्यांचा असल्यामुळे ते मत टिकून आहे. त्यानंतर खिडक्यांना खाकी कागद चिकटवायचा, खडखडणारा पंखा कोणत्या आकड्यावर गप्प बसतो ते पाहायचे, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत हात असलेल्या खुर्च्या मांडायच्या. या साऱ्याला दोन तास लागतात. चादरीच्या मधोमध एक घडी मात्र कितीही इस्त्री फिरवली तरी जात नाही.

या रविवारचा चित्रपट १९८३ सालचा आहे. जेम्स बॉन्डच्या अधिकृत मालिकेतील हा तेरावा चित्रपट, ‘ऑक्टोपसी’.

(दृश्य : ठाण्यातला मासुंदा तलाव. पायाने चालवायच्या होड्या. पाण्यावर ऊन.)

मालिकेतील इतके चित्रपट हाताशी असताना नेमका हाच का निवडला, या प्रश्नाचे उत्तर पाण्याशी जोडलेले आहे. दिग्दर्शक जॉन ग्लेन १९८२ साली आपला चमू घेऊन उदयपूरला आले आणि पिछोला तलावाच्या काठी त्यांना कथेतील तीन पत्ते मिळाले. तलावाच्या मध्यभागी असलेला जगनिवास हा महाल, जो महाराणा जगतसिंह दुसरे यांनी अठराव्या शतकात बांधला, तो ऑक्टोपसी या स्त्रीचे निवासस्थान झाला. शिवनिवास हे बॉन्डचे हॉटेल झाले. आणि डोंगरमाथ्यावरचा सज्जनगड, ज्याचे बांधकाम १८८४ मध्ये सुरू झाले, तो कमाल खान या परागंदा अफगाण राजपुत्राचा वाडा झाला. कमाल खानची भूमिका लुई जुर्दां या फ्रेंच अभिनेत्याने केली. त्याचा उजवा हात असलेल्या गोविंदाच्या भूमिकेत कबीर बेदी होते, आणि बॉन्डचा भारतीय साथीदार म्हणून विजय अमृतराज. ज्यांनी १९७३ आणि १९८१ अशा दोन वेळा विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली, त्या खेळाडूच्या पात्राचे नावही विजयच ठेवले गेले. हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या प्रेक्षकाला नायकाच्या मित्राचे नाव विजय असणे थोडे चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे ते नाव नायकासाठी राखीव असे.

मासुंद्यातील ही होडी आणि पिछोल्यातील ती होडी यांचा सारखेपणा आम्ही या माहितीपटाच्या संकलनात जुळवलेला आहे, हे इथे सांगून टाकलेले बरे.

(दृश्य : संध्याकाळ. भरलेले सभागृह. प्रोजेक्टरच्या झोतात धूळ. चादरीवर रॉजर मूर.)

सव्वीस प्रेक्षक आले आहेत. सर्वांत धाकट्या मुलीचे वय एकोणीस आहे आणि सर्वांत ज्येष्ठ मावशींचे चौऱ्याहत्तर. पहिल्याच प्रसंगात चादरीची ती घडी नेमकी रॉजर मूर यांच्या गालावरून जाते आणि मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणते, “म्हातारा दिसतोय हो!” चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा मूर ५५ वर्षांचे होते आणि बॉन्ड म्हणून हा त्यांचा सहावा चित्रपट होता. त्यांच्या वयावरची ही टीका तेव्हाही झाली होती. परंतु सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळी आज ५५च्या पुढची असल्यामुळे ती इथे फारशी टिकत नाही. “पंचावन्न हे काय वय आहे का?” असे पहिल्या रांगेतून मावशी विचारतात, आणि विषय संपतो.

भारतातला भाग सुरू होतो तो ताजमहालावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरने, आणि लगेच बॉन्ड होडीतून घाटाला लागतो. आग्रा आणि उदयपूर यांच्यातील शेकडो किलोमीटर एका तुकड्यात ओलांडले जातात. घाटावर गारुड्याच्या वेशात बसलेला विजय पुंगीवर बॉन्डचीच धून वाजवत असतो. ही धून मूळची माँटी नॉर्मन यांची, चित्रपटाचे संगीत जॉन बॅरी यांचे. पुंगीवर ती धून ऐकताना सभागृह हसते, आणि हे हसू कौतुकाचे की संकोचाचे हे चेहऱ्यांवरून ठरवणे कठीण आहे. ते चेहरे आम्ही जरा जास्त वेळ ठेवले आहेत.

यानंतर कबीर बेदी मुठीत फासे दाबून त्यांचा चुरा करतात, तेव्हा टाळ्या पडतात. बॉन्ड जुगारात जिंकलेल्या नोटांपैकी काही आपल्या भारतीय साथीदारांना देतो आणि काही आठवड्यांच्या करीची सोय झाली अशा अर्थाचे वाक्य बोलतो, तेव्हा कोणीही हसत नाही. कमाल खान जेवणाच्या ताटात भरलेल्या मेंढीच्या डोक्यातील डोळा काढून खातो. पुढे बॉन्ड जंगलात वेलीला लटकून टारझनसारखी आरोळी ठोकतो आणि वाघाला हुकूम देऊन खाली बसवतो. मालिकेचे कट्टर चाहतेसुद्धा ज्या जागी मान खाली घालतात त्या या जागा आहेत. वाघ बसल्यावर इथेही दोन जण चहाची चौकशी करायला उठले.

(दृश्य : चहाचे कप. खिडकीवरचा सुटलेला खाकी कागद. पुन्हा अंधार.)

उत्तरार्धात चित्रपट जर्मनीकडे वळतो आणि काकांची पाठ खुर्चीत ताठ होते. काका रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ज्या गावी पोहोचली त्या गावच्या माणसाने रेल्वेचा प्रसंग परीक्षकाच्या नजरेने पाहावा, हे त्यांना कर्तव्यच वाटते. सर्कशीची गाडी, डब्यांच्या टपांवरील हाणामारी, रुळांवरून धावणारी मोटार हे सगळे जर्मनीत घडताना दाखवले असले तरी त्याचे चित्रीकरण इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या नेन व्हॅली या जतन केलेल्या रेल्वेमार्गावर झाले, हे काका चित्रपट थांबवून सांगतात. तिथे मूर यांच्या जागी काम करणारे मार्टिन ग्रेस गंभीर जखमी झाले होते, हेही सांगतात. संगणकाने काहीही काढता येण्याच्या आधीच्या काळातील हे काम आहे, आणि टपावरचा माणूस खरोखरच टपावर आहे, हे चादरीवरसुद्धा कळते.

या भागातील कट आजही पक्का वाटतो. अमेरिकेच्या पश्चिम जर्मनीतील हवाई तळावर सर्कस चालू असताना अणुबॉम्ब फुटावा, तो अमेरिकेचाच बॉम्ब अपघाताने फुटला असे जगाला वाटावे, घाबरलेल्या युरोपने अण्वस्त्रे हटवावीत आणि सोव्हिएत रणगाड्यांना वाट मोकळी व्हावी, असा जनरल ऑर्लोव्हचा हिशेब आहे. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेची पर्शिंग क्षेपणास्त्रे पश्चिम जर्मनीत दाखल झाली. आरंभी विदूषकाच्या वेशात एक हेर मरतो, आणि शेवटी त्याच वेशात बॉन्ड बॉम्ब आहे म्हणून ओरडतो, तर प्रेक्षक हसतात. रंग फासलेल्या त्या चेहऱ्यावर मूर यांचे डोळे तेवढे खरे घाबरलेले दिसतात. इथे सभागृहात कोणी हसत नाही.

(दृश्य : दिवे लागलेले. खुर्च्या वर्तुळात.)

चर्चेत मावशींना मॉड ॲडम्स यांची ऑक्टोपसी आवडलेली आहे, कारण तस्करी का असेना, ती बायकांच्या बळावर स्वतःचा धंदा चालवते; फक्त शेवटी तिला सोडवायला बॉन्डच यावा लागतो, हे त्यांना पटलेले नाही. कोणी आठवण करून दिली की त्याच वर्षी शॉन कॉनरी यांचाही एक प्रतिस्पर्धी बॉन्डपट आला होता आणि कमाईत मूर पुढे राहिले. कोणी म्हणाले की ‘सँडोकान’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे इटलीत घराघरांत पोहोचलेल्या कबीर बेदींना इथे वाक्ये तरी किती आहेत, ती मोजावीत. विजयच्या मृत्यूवर चित्रपट फार वेळ थांबत नाही, ही तक्रार तर तिघांनी केली.

घोडबंदरहून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, “काका, गाडीचं सगळं मान्य. पण त्या उदयपूरच्या रस्त्यावर गारुडी आहे, खिळ्यांवर झोपलेला आहे, निखाऱ्यांवर चालणारा आहे, तलवार गिळणारा आहे. साध्या कामाला निघालेला एक तरी माणूस दाखवा.”

काकांनी रिमोट उचलला.

(दृश्य : चादरीवर रिक्षांचा पाठलाग, मागे सरकणारा. थांबतो. पुढे येतो.)

मारामारी ऐन रंगात असताना एक सायकलस्वार दोन्ही बाजूंच्या मधून, कोणाकडेही न पाहता, शांतपणे निघून जातो. तो नेमलेला कलाकार नव्हता. चित्रीकरण चालू आहे याची त्याला कल्पना नव्हती, आणि कॅमेऱ्यात आलेला तो तुकडा संकलनात तसाच ठेवला गेला. काकांनी तो तीनदा दाखवला.

“म्हणजे तो चुकून आला,” मुलगी म्हणाली.

“हो बाळ,” काका म्हणाले. “चुकूनच.”

डब्यातल्या मतांच्या चिठ्ठ्या मोजल्यावर अकरा चित्रपटाच्या बाजूने, नऊ विरोधात आणि सहा कोऱ्या निघाल्या, आणि सभागृह भाड्याने देण्याचा ठराव झाल्यामुळे पुढच्या महिन्याची तारीख अजून मिळालेली नाही.

(दृश्य : चादर. थांबलेला सायकलस्वार.)

प्रोजेक्टर बंद करायचा राहून गेला आहे. मावशी एकेक चिमटा काढतात. चादर आधी डावीकडून सुटते, घडी मोडते, आणि रिक्षा, तलवारी, गर्दी खाली ओघळत जातात. मागे सोसायटीची पोपटी भिंत आहे. सायकल आता तिच्यावर आहे, स्विचबोर्डाच्या जरा वर.