चुकलेली चकती कुठे जाते?

मंडळी, कॅलिफोर्नियात सॅन होजेहून सतरा नंबरच्या हायवेने डोंगर ओलांडून सांताक्रूझला उतरलात, की डेलाव्हेगा पार्क जवळच आहे. १९८४पासून तिथे डिस्क गोल्फचा कोर्स आहे. ओक आणि रेडवुडची झाडी, मधूनमधून खोल घळी, आणि सपाट जागा अगदी थोडी.

खेळ तसा सोपा. फ्रिस्बीसारखी चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायची. पहिला कायमस्वरूपी कोर्स एड हेड्रिक यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसजवळ आखला. बास्केटचं पेटंटही त्यांचंच, १९७७चं. पण आज मला बोलायचंय ते उताराबद्दल.

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली चकती वेग मंदावला की डावीकडे वळते. सपाटीवर हे वळण थोडक्यात आटपतं, कारण खाली जमीन येते. उतारावर जमीनच खाली खाली जात असते. चकती हवेतच राहते आणि डावीकडे सरकत सरकत थेट घळीत जाते. चढावर याच्या उलट. वेग लवकर सरतो, वळण लवकर येतं. म्हणून चढावर मी हलकी, सरळ जाणारी चकती घेतो. उताराकडे फेकताना कमरेतून वाकतो, हात उताराला समांतर ठेवतो. नजर क्षितिजावर राहिली तर चकतीचं नाक वर उचललं जातं, ती हवेत थबकते आणि वारा नेईल तिकडे जाते.

खरी परीक्षा मात्र बास्केटजवळ आहे. माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट सांगतो. बास्केट उताराच्या कडेला, मी वीस फुटांवर. पुट, म्हणजे बास्केटमध्ये घालायची जवळची फेक, साखळीला चाटून गेला, चकती कडेवर पडली आणि चाकासारखी घरंगळत निघाली. पाचोळ्यावरून तिचा खसखस आवाज येत राहिला, मग तोही थांबला. ती सापडली तेव्हा वीस फुटांचे दीडशे झाले होते. आता पुट करण्याआधी मी बास्केटच्या मागे जाऊन बघतो. मागे कडा असेल तर चकती हळू, वरून पडेल अशी टाकतो, किंवा सरळ बास्केटच्या पायथ्याशी ठेवतो आणि एक फेक जास्त मोजतो. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. मी म्हणत नाही. उतारावर फेकीइतकाच चुकीचाही हिशेब आधी करावा लागतो.

या कोर्सचा २७वा होल, म्हणजे २७वा टप्पा, सगळ्यांच्या तोंडी आहे, ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’. टेकडीच्या माथ्यावरून खाली फेकायचं, बास्केट साडेपाचशे फुटांच्या आसपास, आणि समोर मॉन्टेरेचा उपसागर. चकती सुटल्यावर इतका वेळ हवेत असते, की बरोबरची माणसं बोलायची थांबतात. मला या खेळातला तो क्षण सगळ्यात प्रिय आहे.

शनिवारी जे माझ्याबरोबर तिथे खेळायला येणार आहेत त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं. घळीत पॉयझन ओक आहे, तीन-तीन पानांचं झुडूप. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं हे ज्यांनी गावी पाहिलंय, त्यांना जास्त सांगायला नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट घाला. चकती त्या झुडपात गेली तर हात घालू नका, मला हाक मारा. माझ्याकडे लांब काठी असते. बाहेर काढलेली चकती पुसून-धुऊनच पुन्हा हातात घ्या, त्या झाडाचं तेल प्लास्टिकवरही टिकून राहतं.