थेंब आपणहून येऊ द्या

नमस्कार मंडळी. सर्व्हेवाल्या बाई दारात आल्या, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता असं विचारत बसल्या की काही वाटत नाही, पण पिशवीतनं वजनकाटा, बीपीचं मशीन आणि सुई निघाली की आजी ओट्यावरनं उठून थेट मागीलदारी. मी त्या सुईवाल्यांतलीच, दापोली-गुहागरकडच्या वाड्या पायी तुडवलेली.

नुसतं विचारून भागत नाही का? नाही भागत. माणूस खोटं बोलतो असं नाही हो, त्याला माहीतच नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ ला बायकांचं हिमोग्लोबिन बघायला सुरुवात झाली, २०१५-१६ ला बीपी आणि साखरही आली. २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, निघाला. यातल्या किती जणींनी आपणहून सांगितलं असतं? आमच्याकडे थकवा म्हणजे आळस.

आता बोटाचं सांगते. काजू सोलून सोलून बायकांची बोटं काळी, टणक, सुई टोचली तरी रक्त दिसत नाही, मग नवीन पोरगी घाबरते आणि म्हशीची धार काढल्यासारखं बोट दाबत सुटते. घोळ तिथंच होतो. दाबलं की रक्ताबरोबर आजूबाजूचा पाणचट द्रवही येतो आणि आकडा चुकतो. पहिला थेंब पुसायचा, पुढचा आपणहून येऊ द्यायचा. हात गार असले तर न्हाणीतल्या तापल्या पाण्यात धुवून घ्या, माझा हा उपाय कधी फुकट गेला नाही. तरी बोटातल्या रक्तापेक्षा शिरेतलं जास्त भरवशाचं, हे मान्य करायलाच हवं.

दुसरी भानगड आमच्या हवेची. काही तपासण्यांना रक्ताचे थेंब जाड कागदावर घेऊन रात्रभर वाळवायचे असतात, आणि पावसात इथं पापड वाळत नाहीत तिथं कागद काय वाळणार! म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या घालून पिशवी बंद करायची.

याच सर्वेक्षणात २००५-०६ ला एचआयव्हीच्या तपासणीसाठी असे कागद घेतले, त्यांवर नाव नव्हतं, नुसता नंबर, म्हणून रिपोर्ट घरी यायचा नाही. हे समजावताना सगळ्यांचीच जीभ अडखळते.

आणि नको असेल तर नको म्हणा, जबरदस्ती नाही. एका आजींनी तीनदा बीपी मोजू दिला, रक्त मात्र दिलं नाही, मी फॉर्मवर खरंच 'नाही' लिहिलंय का ते नातवाकडून वाचून घेतलं आणि मग म्हणाल्या, "बस गो बाय, आता कोकम सरबत घे."