ऑफिसला या, निवांत बोलू

बसा बसा, मागे जागा आहे. मी काही बँकिंगमधला एक्स्पर्ट नाही बरं का, सभासद म्हणून बऱ्याच वार्षिक सभांना शेवटपर्यंत बसलोय एवढंच माझं क्वालिफिकेशन.

क्रेडिट युनियन म्हणा, पतसंस्था म्हणा, पहिलं वाक्य सगळीकडे तेच ऐकू येतं, ‘संस्था सभासदांची’. शेअर एक असो की हजार, मत एकच. इंग्लंडात रॉचडेल गावच्या लोकांनी 1844 ला सभासदांच्या मालकीचं सहकारी दुकान काढलं तेव्हापासून हे चाललंय आणि छानच आहे. पण मताचा अधिकार वर्षातून एकदा, तोही हात वर करून, आणि तोपर्यंत निम्मे लोक घड्याळ बघायला लागलेले असतात.

जुन्या काळी वेगळं होतं. जर्मनीत रायफायझेन नावाचे गृहस्थ होते, गावाचे महापौर, त्यांनी 1864 मध्ये हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. तिथे जबाबदारी अमर्यादित, म्हणजे एकाचं कर्ज बुडालं तर बाकी सगळ्यांच्या घरादारावर येणार. मग काय, कोणी बैलासाठी कर्ज काढलं तर गोठ्यात खरंच बैल आलाय का हे शेजारीच जाऊन बघणार, ऑडिटरची वाट कोण बघतो! म्हणून तर ते म्हणायचे की संस्थेचं क्षेत्र छोटं ठेवा, माणसं एकमेकांना ओळखणारी हवीत. पुढे जबाबदारी शेअरपुरती मर्यादित झाली, बऱ्याच देशांत ठेवींना विमा आला, बरंच झालं, नाहीतर एका थकबाकीदारापायी घर विकायची वेळ यायची. फक्त भीती गेली तशी नजर पण गेली.

आणि सभासद स्वतः पण काही कमी नाहीत हां. ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक ही सभासदांच्या मालकीची बिल्डिंग सोसायटी होती, म्हणजे ठेवी घेऊन घरकर्ज देणारी संस्था, 1997 ला तिची बँक झाली, सभासदांना फुकट शेअर मिळाले, लोक खूश. दहा वर्षांनी, सप्टेंबर 2007 ला, त्याच बँकेबाहेर पैसे काढायला रांगा, आणि फेब्रुवारी 2008 ला सरकारने ती ताब्यात घेतली. मालकी विकायला सभासदांनीच मत दिलं होतं ना.

तुलनेला छोटा धंदा घ्या, पटकन सांगतो. तिथे सभासद नसतात, सभा नसते, पण मालक रोज गिऱ्हाईकाच्या समोर उभा असतो, माल खराब निघाला तर संध्याकाळपर्यंत तोंडावर ऐकून घ्यावं लागतं. संचालकाला हे वर्षातून एकदाच, आणि तेही स्टेजवरून.

आता आपल्या संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. फोटो सोडा, थकबाकीचं पान काढा. आकडा कमी दिसला की टाळ्या पडतात, पण तो कमी करायची एक युक्ती आहे, वर्षअखेरीला जुन्या कर्जदाराला नवीन कर्ज द्यायचं आणि त्यातूनच जुनं भरून घ्यायचं. कागदावर वसुली झाली, खिशातून रुपया आला नाही. म्हणून विचारायचं ते हे, यंदाच्या नव्या कर्जांपैकी किती जुनं फेडायला दिली आणि त्यात संचालकांचे नातेवाईक किती?

मी बसलो होतो त्या एका सभेत एका रिटायर्ड काकांनी अगदी हेच विचारलं. अध्यक्ष हसून म्हणाले, ‘काका, ऑफिसला या, निवांत बोलू.’ सगळे हसले, विषय पुढे. बघा हं, किती गोड उत्तर आहे! पण सभेत दिलेलं उत्तर इतिवृत्तात येतं, केबिनमध्ये दिलेलं कुठेच येत नाही. काका ऑफिसला गेले असते तर त्यांना उत्तर मिळालंही असतं, बाकीच्यांना ते कधीच कळलं नसतं.

ते गेले नाहीत. पुढच्या वर्षी मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचा विषय आला, नेहमीसारखं ‘मंजूर, मंजूर’ सुरू झालं, तेवढ्यात काका उभे राहिले आणि म्हणाले, माझा प्रश्न यात नाही, तो लिहा मग मंजूर करा. पाच मिनिटं कुजबुज. शेवटी सेक्रेटरींनी पेन काढलं आणि इतिवृत्ताच्या मार्जिनमध्ये प्रश्न लिहिला, खाली उत्तर, ‘माहिती घेऊन कळवू’. काका म्हणाले, तारीख पण टाका.